दगडाचा पत्ता

वरळीला तळं होतं. गोड्या पाण्याचं, उथळ, गाळाने भरत आलेलं. सहा कोटी वर्षांहून जुनी गोष्ट, त्यामुळे साक्षीदार फारसे उरलेले नाहीत. जे उरले आहेत ते बहुतेक बेडूक आहेत.

दख्खनचा लाव्हा एका दमात वाहून थांबला नाही. एक थर यायचा, निवायचा, मग बराच काळ काही घडायचं नाही. त्या सवडीत खोलगट जागी पाणी साठायचं, काठाला झाडं उगवायची, बिया नि पानं गाळात पडायची, कासवं फिरायची. मग पुन्हा लाव्हा. मलबार हिलपासून वरळीपर्यंत समुद्राच्या कडेने टेकड्यांची जी रांग गेली आहे, तिच्या काळ्या पाषाणाखाली या तळ्यांचा गाळ दबून शेल होऊन बसला आहे. शेल म्हणजे पापुद्र्यांचा दगड, हलक्या हाताने सुटणारा. वरळीला तो उघडा पडला तेव्हा त्याच्या पापुद्र्यांत बेडकांचे अख्खे सांगाडे निघाले. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेनने लंडनमध्ये त्यांचं वर्णन छापलं. ‘डायनोसॉर’ हा शब्द जगाला देणारा तोच हा ओवेन. बेडूक एवढासा, म्हणून त्याने नावही तसंच ठेवलं, ‘राना प्युसिला’. हे वर्णन जोडलं गेलं ते जी. टी. क्लार्क या अभियंत्याने मुंबई परिसराच्या भूशास्त्रावर लिहिलेल्या लेखाला. पुढे १८५२ मध्ये हेन्री कार्टर या डॉक्टरने मुंबई बेटाच्या भूशास्त्रावर मोठा निबंध लिहिला आणि वरळीचं कासवही कागदावर आलं. १९३० मध्ये नोबल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आमचा बेडूक नव्याने तपासला आणि त्याला ‘इंडोबॅट्राकस’ असं स्वतंत्र नाव दिलं. त्याच सुमाराला, कायदेभंगाच्या चळवळीत, सत्याग्रहींना कोंडायला तुरुंग पुरेनात म्हणून वरळीच्या नव्या चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला होता. बेडकाची सुटका आणि माणसांची अटक एकाच वेळी चालू होती म्हणायची.

त्या चाळी म्हणजे आमच्या बीडीडी चाळी. आपण तळ्याच्या काठी राहिलो असं मी म्हणते तेव्हा आत्या मला वेड्यात काढते. “तळ्याकाठी? पहाटे नळाला उभं राहायला तू नव्हतीस ना, म्हणून सुचतंय.”

आत्याचं बरोबर आहे. पाण्याच्या रांगेत मी क्वचितच असायचे. मी खाली असायचे, खडीच्या ढिगाजवळ. चाळीत कुठे ना कुठे डागडुजी चालू असायचीच आणि दोन इमारतींच्या मध्ये वाळू-खडीचे ढीग पडलेले असायचे. बाकीची पोरं वाळूत किल्ला करायची, मी खडी निवडत बसायचे. काळ्या खडीतल्या एखाद्या तुकड्यात पांढरा ठिपका असायचा, एखाद्यात हिरवट चकती, आणि नशीब जोरावर असलं तर पोकळी, जिच्या आत बारीक सुयांसारखे स्फटिक उभे असायचे. त्यांची कथा मोठेपणी वाचली. लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे अडकून राहतात आणि नंतर लाखो वर्षं खडकातून झिरपणारं पाणी त्या पोकळ्यांमध्ये खनिजं आणून ठेवतं. झिओलाइट, अपोफिलाइट, स्टिल्बाइट, गार, अकीक. बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हा अशा पोकळ्या उघड्या पडल्या आणि तिथले स्फटिक परदेशातल्या संग्रहालयांत जाऊन बसले. वाघोलीच्या खाणीतला निळाभोर कॅव्हनसाइट आज जगभरातल्या हौशी लोकांना ठाऊक आहे. सिन्नरला तर ‘गारगोटी’ नावाचं अख्खं संग्रहालय आहे. माझा संग्रह पोटमाळ्यावर, बोर्नव्हिटाच्या डब्यांत होता. १६० चौरस फुटांच्या खोलीत सगळ्याच गोष्टींची जागा वरच्या दिशेने शोधावी लागते.

आईचा विरोध जागेवरून नव्हता. तिचं म्हणणं वेगळं होतं: “वरळीत दगड काय कमी उडालेत, की तू घरात आणून साठवतेस?”

दगडांवर लिहायचं आणि १९७४ टाळायचं, हे बीडीडीत वाढलेल्या माणसाला जमणार नाही. त्या वर्षी ५ जानेवारीला दलित पँथरची सभा आमच्याकडे होती. सभा उधळली आणि पुढे कितीतरी दिवस वरळी पेटलेली राहिली. इमारत इमारतीवर दगड टाकत होती. गच्चीवर दगड आधीपासून रचून ठेवलेले असायचे असं मोठी माणसं सांगायची, पण कुणी रचले हे विचारलं की विषय बदलायचा. १० जानेवारीला परळ भागात पँथरच्या मोर्चावर दगडफेक झाली आणि भागवत जाधव ठार झाले. त्यांच्या डोक्यात पडला तो दगड म्हणजे पाटा होता, असं मी लहानपणापासून ऐकत आले. पाटा. ज्यावर आई चटणी वाटायची तो. हातकुऱ्हाडीने माणसाने आधी कंद खणला की आधी माणूस मारला, असा प्रश्न मला पुढे पुस्तकांत भेटला, तेव्हा तो मला फारसा पुस्तकी वाटला नाही.

खडीच्या संग्रहात एक उणीव होती आणि ती मला दाखवून दिली ती मामाने, तेही शेतकरी असलेल्या, भूशास्त्राशी काही देणंघेणं नसलेल्या मामाने. आजोळ इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी. मे महिन्यात पाणी मागे हटतं, पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं आणि मैलोन् मैल काठ उघडा पडतो. मुंबईच्या पोरीला दाखवायला दुसरं काही नव्हतं म्हणून मामा मला तिथे न्यायचा. मी डबा नेला होता, त्याला दाखवायला. त्याने एक तुकडा उचलला आणि विचारलं, “ह्यो कुठला?” मी म्हटलं, वरळीचा. “वरळीत खाण हाय व्हय?” नव्हती. खडी कुठून तरी ट्रकने आलेली, खाण कुठली ते ट्रकवाल्यालाही विचारलं नव्हतं. “मग ह्येला गाव न्हाई,” मामा म्हणाला आणि तुकडा परत डब्यात टाकला.

संग्राहकाच्या शास्त्रातलं पहिलं वाक्य तेच आहे, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. खनिजाच्या नमुन्यासोबत चिठ्ठी नसेल तर त्याची निम्मी किंमत जाते. दगडी अवजाराची तर सगळीच जाते, कारण ते कुठल्या थरात, कशाच्या वर आणि कशाच्या खाली सापडलं, यावरच त्याचं वय ठरतं. चाळीतल्या माणसाला हे पटायला वेळ लागू नये. इमारत क्रमांक आणि खोली क्रमांक एवढ्यावर आमची रेशनकार्डं, शाळेचे दाखले, सोयरिकी आणि शेवटी घराचा हक्कसुद्धा ठरत आला आहे.

उजनीच्या काठी मी खऱ्या अर्थाने बघायला शिकले. काठाला लागून पाण्याने धुतलेल्या गोट्यांचा पट्टा असतो. ओला असताना सगळाच रंगीत दिसतो, वाळला की तोच दगड राखाडी होऊन पडतो, म्हणून सकाळी लवकर, तिरपं ऊन असताना, पाण्याच्या अगदी कडेने चालायचं. बहुतेक अकीक, कॅल्सेडनी, क्वचित लालसर जॅस्पर. आपल्याकडचा काळा पाषाण सहजासहजी धारदार छिलका देत नाही, पण कॅल्सेडनी देते. त्यामुळे काही हजार वर्षांपूर्वी भीमेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यात फिरणारी माणसं नेमका हाच दगड शोधायची. मीही तोच शोधत होते, फक्त माझ्या हातात त्याचं काही काम नव्हतं.

दगड आपोआप फुटलेला की कुणी फोडलेला, हे ओळखायला मला काही उन्हाळे लागले. माणसाने नेमका घाव घातला की छिलक्याच्या आतल्या बाजूला, घावाच्या बिंदूखाली, एक फुगीर उंचवटा येतो आणि तिथून लहरी पसरत जातात. अंगठा फिरवला की डोळ्यांआधी अंगठ्याला कळतं. गाभ्यावर, म्हणजे ज्या दगडातून पाती काढली त्याच्यावर, शेजारी शेजारी सरळ पन्हाळ्या राहतात. पातीच्या कडेला बारीक दात काढलेले असतील तर ते बैलगाडीच्या चाकाने निघालेले नसतात, कारण चाकाला सगळे दात एकाच बाजूला, एकाच मापाचे काढायचं कारण नसतं. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी दगडी अवजारांवर पुस्तक लिहिलं ते १९६४ मध्ये. मुंबईत जन्मलेला हा माणूस डेक्कन कॉलेजातून प्रवरेच्या काठी नेवाशाला गेला आणि महाराष्ट्राचा इतिहास लाखो वर्षं मागे ढकलून आला. अवजार कळायचं असेल तर ते कसं घडतं हे हाताला कळलं पाहिजे, हे त्या पुस्तकावरून माझ्या मनात बसलं. मी अंगणात प्रयत्न केले. मामीने अंगण झाडताना जे काही उच्चारलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काठावर सापडलेली अवजारं मी आणत नाही. त्यांचं छायाचित्र घेते, जागा टिपून ठेवते, आणि जिथली तिथे ठेवते. कायदा आहेच, पण त्याहून मामाचा प्रश्न आडवा येतो. साध्या गारगोट्या मात्र आणते, चिठ्ठीसकट.

आता कांदिवली. आमच्या चाळींची आणि कांदिवलीच्या अश्मयुगाची आई एकच आहे, हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यापासून मी ते भेटेल त्याला सांगत सुटले आहे. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उभं राहिलं, ज्याची आद्याक्षरं आमच्या पत्त्यात अजून आहेत. त्याने दोन मोठी कामं अंगावर घेतली. एक, गिरणी कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या. त्यासाठी कापसाच्या प्रत्येक गाठीमागे एक रुपया कर बसवला. दुसरं, बॅकबेचा समुद्र भरून काढायचा. खोल्यांचं काम वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारतींवर थांबलं. त्यातल्या १२१ वरळीच्या, प्रत्येकीत ८० खोल्या. समुद्राचं काम तर घोटाळ्यातच गेलं. बांधाच्या भिंतीतून आत टाकलेला गाळ वाहून जाऊ लागला, खर्च भलतीकडे गेला, वीर नरिमन यांनी खात्यावर जाहीर आरोप केले, त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि ते सुटले. ‘लॉइडचा मूर्खपणा’ हे त्या योजनेचं नाव तेव्हापासून पडलं.

त्या भरावाला आणि बांधाला दगड-माती हवी होती. ती कांदिवलीच्या टेकड्या फोडून रेल्वेने आणली गेली. आणि त्याच कांदिवलीत, खोदकामाने उघड्या पडलेल्या थरांत, के. आर. यू. टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याला दगडी अवजारं सापडली. सुट्टीच्या दिवशी नोकरीतले साहेब शिकारीला जायचे, हा खाणींकडे जायचा. १९३२ मध्ये त्याने मुंबईभोवतीच्या आदिमानवावर लिहिलं, १९३९ मध्ये मुंबईच्या पुराश्मयुगावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. खालच्या थरांत हातकुऱ्हाडी आणि जाड छिलके, वर चढत जावं तशी पाती लहान आणि नाजूक होत जाणारी, अगदी वर सूक्ष्मास्त्रं. त्याच्या थरांच्या मांडणीवर पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या. बडोद्याच्या मलिक यांनी तिथे पुन्हा काम करून १९५९ मध्ये आपला ग्रंथ काढला. पण कांदिवलीला माणूस होता, याबद्दल वाद नाही. आज ते थर इमारतींच्या पोटात आहेत. त्याच खाणींतल्या प्रेहनाइटचे हिरवे गोळे मात्र संग्राहकांच्या कपाटांत आहेत, ‘कांदिवली, मुंबई’ अशा नीट लिहिलेल्या चिठ्ठीसह. दगडांना पत्ता राहिला, जागेला नाही.

मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर लोक समुद्राकडे तोंड करून बसतात. मी एक-दोनदा उलट बसून पाहिलं आहे, रस्त्याकडे तोंड करून. त्या रस्त्याखालच्या भरावात कांदिवलीचा डोंगर आहे, आणि डोंगराच्या पोटातलं जे कुणाच्या नजरेला पडलं नाही ते सगळं आहे. येणारे-जाणारे विचित्र बघतात. बघोत.

वरळीत सध्या जे खोदकाम चाललं आहे त्याची खोली खडीच्या ढिगाशी खेळणाऱ्या पोरीला झेपणारी नाही. चाळी पाडून चाळीस मजली मनोरे उभे राहत आहेत. जवळून मेट्रो तीनचं भुयार गेलं. मलबार हिलखालून किनारी रस्त्याची दोन भुयारं काढली ती ‘मावळा’ नावाच्या यंत्राने, आणि त्या यंत्राला वाटेत काळ्या पाषाणासोबत ब्रेशिया, म्हणजे खडकांचे तुकडे चिकटून झालेला दगड, आणि शेलही लागले. म्हणजे ओवेनच्या बेडकाचेच शेजारी. किती बेडूक डंपरमध्ये भरून गेले असतील, कोण जाणे. हौशी माणसाला फाटकाच्या आत घेत नाहीत आणि घेऊही नये, पण पाया घालण्याआधी जमीन तपासताना भोकं पाडून काढलेल्या दगडाच्या नळ्या मी पत्र्याच्या फटीतून पाहिल्या आहेत. लांबट पेट्यांमध्ये त्या ओळीने मांडलेल्या होत्या, प्रत्येक तुकड्यापाशी खोली लिहिलेली. वर विटकरी, कुजलेला भाग, मग राखाडी, मग घट्ट काळा. माझ्या पोटमाळ्यावरच्या अख्ख्या संग्रहात एकाही तुकड्याला एवढा काटेकोर पत्ता नव्हता. तिथल्या तरुण साइट इंजिनिअरला मी विचारलं, या पेट्यांचं पुढे काय करता. “अहवाल पास झाला की फेकतो, मॅडम,” तो म्हणाला. “ठेवणार कुठे?” या प्रश्नावर मी कोणत्या तोंडाने बोलणार? मीही चाळीतलीच.

खोल्या रिकाम्या होऊ लागल्या तेव्हा जिन्याखाली आणि नळाच्या मोरीपाशी पाटे-वरवंटे साचू लागले. बदलीच्या घरात मिक्सर नेला जात होता, फ्रिज नेला जात होता, देव नेले जात होते. पाटा जड. तीन-चार पिढ्यांनी मिरची, खोबरं, सुकं वाटून वाटून मध्ये खोलगट झालेले, कोकणातून डोक्यावर आणलेले, साताऱ्याकडून एसटीच्या टपावरून आलेले. कुणाच्या तरी लग्नात त्यांची पूजा झालेली. अशा दगडाला टाकी लावायला पूर्वी बायका यायच्या, खांद्यावर झोळी, हातात छिन्नी आणि हातोडी. जिन्यात बसून ठक ठक करत त्या पाट्यावर पुन्हा बारीक खळगे पाडायच्या. लोखंड सोडलं तर ते कसब कांदिवलीच्या माणसाच्या कसबापासून फार लांबचं नव्हतं. दगडावर मोजून मारलेला घाव. मी त्या ढिगातला एकेक वरवंटा उलटा करून पाहिला. एकाच्या टोकाला तेलाच्या रंगाने खोली क्रमांक लिहिलेला होता, शेजारणीने परत करायला विसरू नये म्हणून. तो मी आणला.

ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्यात आत्याचंही घर होतं. ५०० चौरस फूट, ओट्याला ग्रॅनाइट, खिडकीतून टेकडीचा माथा वरून दिसतो. आत्याने पाटा सोडला नव्हता. मालवाहू लिफ्टने तो वर आला, टाइल फुटेल म्हणून गोधडीवर ठेवला गेला, आणि पहिल्याच महिन्यात खालच्या घरातून निरोप आला की सकाळी सकाळी काय ठोकता. आत्या आता दुपारी वाटते.

दिवाळीच्या आधी तिला कुठून तरी एक टाकीवाली मिळाली. म्हातारी बाई, चाळीतल्या सगळ्या इमारती तोंडपाठ असलेली. फाटकावर तिला अडवलं. कुठे जायचं, असं वॉचमनने विचारलं तेव्हा तिने आमच्या जुन्या इमारतीचा नंबर सांगितला. तशी इमारत इथे नाही, असं तो म्हणाला. विंग कोणती, मजला कोणता, फ्लॅट कोणता? तिला आत्याचं नावही नीट ठाऊक नव्हतं, फक्त तिसऱ्या मजल्यावरची, मालवणी, पाटा मोठा, असं ती सांगत राहिली. शेवटी वॉचमनने इंटरकॉमवर मालवणी आडनावांची घरं एकेक करून लावायला सुरुवात केली. चौथ्या फोनला आत्या सापडली. पण तोवर आधीच्या तिन्ही घरांतून पाटे खाली आले होते आणि बाई फाटकापाशीच मांडी घालून कामाला लागली होती.